पाच वेळा बुजवलेला तडा

वैद्याला खोकला झाला तर लोक हसून सोडून देतात. शिंप्याचा सदरा उसवलेला असला तरी कुणी मनावर घेत नाही. पण गवंड्याच्या भिंतीला तडा? संपलंच! मग त्यानं जन्मभर बांधलेली सगळी घरं लोकांना वाकडी दिसायला लागतात. म्हणून वरच्या वस्तीतला गवंडी गेले पाच महिने आपल्याच घराच्या मागच्या भिंतीला चोरासारखी थापी लावत होता.

त्या दिवशीही तो उजाडायच्या आत मागच्या दारी उकिडवा बसला होता. पाऊस भुरभुरत होता. घमेल्यात दोन मुठी सिमेंट, चार मुठी रेती. ओला माल धुपून जाऊ नये म्हणून बायको भिंतीवर गोणपाट धरून उभी होती. तडा भिंतीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर गेला होता, खिडकीच्या चौकटीपर्यंत. जुनी भर जागेवरच होती, पण तिच्या कडेनं भिंत पुन्हा उघडली होती.

"पाचव्यांदा," बायको म्हणाली.

"मोजू नकोस."

"मोजायला कशाला पाहिजे? हात भरून येतात, त्यावरून लक्षात राहतं."

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कोण रे मागं खरवडतंय?"

"घूस आहे, बाबा."

"वा! घुशी आता थापी मारायला लागल्या का?"

बायकोनं ओठ दाबले. म्हातारा स्वतः नावाजलेला गवंडी. आता गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते आणि जीभ तर विचारूच नका. उठता बसता एकच पालुपद. माझ्या हातच्या भिंतीला चाळीस वर्षांत केसाएवढी रेघ नाही. भिंत कधी तडकते? माल खाल्ला की तडकते. म्हणजे सिमेंट कमी घातलं, रेती जास्त घातली, आणि वाचलं ते खिशात घातलं. हे ऐकलं की गवंडी खाली मान घालून बाहेर पडायचा. त्यानं आयुष्यात मूठभर माल खाल्ला नव्हता. मग तडा का? रोज तो आपल्या पंज्यांकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, हातातली कला गेली की काय?

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. वस्ती अकरा घरांची, त्यातली नऊ त्याच्या हातची. एकेका घरातून हळूच सांगावा यायचा, "मिस्त्री, जरा न्हाणीच्या कोपऱ्यात बघता का? कुणाला बोलू नका हं." हा जायचा, भर घालायचा, आणि उलट त्यांनाच हात जोडायचा, "तुम्हीही बोलू नका." ज्याला त्याला वाटायचं, तडा आपल्या एकट्याच्याच घराला आहे. झाकली मूठ नऊ घरांत.

अशात वस्तीवर आरसेवाली बाई आली होती. डोंगर कसे सरकतात याचा अभ्यास करणारी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर ओझं. खाली रस्ता रुंद करायला डोंगराचा पायथा कापला, तेव्हापासून तिच्या कचेरीला या उताराची काळजी लागली होती. तिनं वस्तीच्या वर खडकांवर आणि काही घरांवर मुठीएवढे काचेचे आरसे बसवले. दरीपलीकडच्या टेकडीवर, शाळेच्या मागं, तीन पायांवर यंत्र उभं केलं. ते यंत्र इथल्या आरशावर उजेड टाकायचं, उजेड परत जायचा, आणि आरसा गव्हाच्या दाण्याएवढा जरी हलला तरी तिला तिकडं कळायचं. दीड किलोमीटरवरून! हे ऐकून गवंडी खुळावलाच. आपण पाच हातांवरून ओळंबा लावतो तर डोळे फुटायची वेळ येते.

"मिस्त्री, तुमच्या भिंतीवर एक लावू का?" तिनं विचारलं होतं. "पक्की आहे ना?"

"खुशाल लावा. डोंगर हलेल, पण भिंत हलायची नाही," गवंडी म्हणाला होता.

मग तिनं दारोदार विचारलं, घराला कुठं तडा, फट, दार अडकणं, फरशी उचलणं? अकराही घरांनी मान हलवली. छे, काही नाही. गवंड्यानं तर सगळ्यांत जोरात हलवली.

पाचवी भर घातली तो बुधवार. पुढच्या सोमवारी सकाळी बायको मागं भांडी घासायला गेली आणि तशीच हात न धुता परत आली.

"अहो, सुटलं."

"काय सुटलं?"

"बघा जाऊन."

त्यानं बघितलं. पाच दिवसांची भर, अजून ओली लागत होती, आणि तिच्या कडेनं नवी फट. बोटाचं नख सहज आत जात होतं. मागचं दारही आज चौकटीत अडकलं होतं. खांदा लावावा लागला. गवंडी दगडावर बसला. त्याला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात धुक्यातून बाई पुढच्या दारी आली, म्हणून दोघं पुढं गेली. आरशावरचं पाणी पुसायला ती रोज यायची. चेहरा ओढलेला होता. बायकोनं चहा दिला, तो हातात धरून तिथंच उंबऱ्यावर बसली.

"ताई, बरं नाही का?" बायकोनं विचारलं.

"बरी आहे. पण अडकलेय. आरसे बसवून बावीस दिवस झाले, त्यातले सोळा दिवस धुकं. सहाच दिवस मला इकडचं दिसलं. उतार सरकतोय एवढं नक्की. पण सगळेच उतार पावसाळ्यात थोडे सरकतात आणि पुन्हा झोपतात. हा तसाच आहे, की वेग घेतोय? कचेरीतले साहेब म्हणतात, वेग दाखव, मग वस्ती हलवू. आणि मागचं मला कोण सांगणार? डोंगर काही डायरी लिहीत नाही."

बायकोनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडं. चुलीवर दूध उतू गेलं तरी दोघं हलली नाहीत.

शेवटी गवंडी उठला, छिन्नी आणि हातोडी घेतली. "बाई, चहा ठेवा खाली. मागं या."

म्हातारा बाजेवरून बघत होता. त्याच्यासमोरून तिला मागं नेताना गवंड्याचे पाय जड झाले, पण गेला. तड्याच्या दोन्ही बाजूंनी छिन्नी मारली आणि तळहाताएवढं ढेकूळ सबंध काढून बाईच्या हातात ठेवलं. आपल्या घराची भिंत आपल्या हातानं फोडायची त्याची ही पहिलीच वेळ.

बाईनं ते पाण्यात बुडवून पुसलं आणि उजेडाकडं धरलं. त्यात उभे पट्टे होते, शेजारी शेजारी. एक राखाडी, एक काळा, एक लाल, एक पांढरा, आणि कडेला एक ओला राखाडी. सगळे जवळपास सारख्याच रुंदीचे.

"हे काय आहे?"

"माझं पाप आहे," गवंडी म्हणाला. "एक सूत फट झाली की भरायचो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. त्याच्याआधी कुणाला दिसत नाही, त्याच्यानंतर म्हाताऱ्याला दिसतं."

"रंग वेगळे कसे?"

"हाताशी असेल तो माल. पहिली भर दवाखान्याच्या ओट्याचं काम चालू होतं तेव्हाची. दुसरी पुलाच्या कठड्याच्या वेळची, नदीची काळी रेती आहे बघा. तिसऱ्या वेळी रेती मिळेना, म्हणून लाल दगडाची भुकटी. पांढरी, ती पावाच्या भट्टीवाल्याच्या न्हाणीत फरशा बसवल्या तेव्हाची."

बाईचा आवाज एकदम बारीक झाला. "मिस्त्री, तारखा सांगता येतील?"

गवंड्याला कामं आठवत होती, बायकोला घरातलं. तो म्हणाला, दवाखान्याचा ओटा सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, शेळी व्याली त्याच आठवड्यात, आणि करडू आता पाच महिन्यांचं आहे. असं दोघांचं जुळवत जुळवत बाईनं वहीत आकडे लिहिले. पहिली भर टिकली ऐंशी दिवस. दुसरी चाळीस, फार तर एखादा दिवस वर. तिसरी वीस. चौथी दहा.

"आणि ही?"

"पाच," बायको म्हणाली. "आज सकाळी सुटली."

बाईनं पेन्सिल खाली ठेवली. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे गणित कळत होतं. प्रत्येक भर आधीच्या निम्मे दिवस टिकली होती. आता पुढची अडीच, मग सवा, मग तासांवर येणार. सगळं मिळून पाच दिवस. गवंड्यानं मान वर करून डोंगराकडं बघितलं. एवढा थोरला डोंगर, देवानं बसवलेला, आणि पाच महिने त्याच्या मागच्या दारी येऊन एकेक सूत सांगत होता! आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबत होतो.

"शनिवार," बाई म्हणाली. "एखादा दिवस इकडंतिकडं. मिस्त्री, माझ्याकडं बावीस दिवस होते, तुमच्याकडं पाच महिने निघाले."

"म्हणजे भिंत..." गवंड्यानं तड्यावर हात ठेवला. "माझा माल कमी नव्हता?"

"भिंतीचा काय दोष? तिच्या खालची जमीन दोन बाजूंना निघालीय."

हे ऐकून तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. बायकोनं पाठीवर हात ठेवला, तीही रडली. पाच महिने मनात कुढत होता बिचारा.

पण रडायला वेळ नव्हता, म्हाताऱ्याला समजावत बसायलाही नव्हता. बाई ढेकूळ घेऊन धावतच कचेरीत गेली. साहेबांनी म्हणे ते दोनदा उलटंपालटं केलं, वही बघितली आणि ट्रक पाठवायचं कबूल केलं. मंगळवारी सकाळी ट्रक खालच्या रस्त्यावर उभे राहिले. आता माणसं हलायला हवी होती, आणि माणूस डोंगरापेक्षा जड!

वस्तीतल्या शिंप्याच्या पडवीत सगळे जमले. म्हाताऱ्याला गवंड्यानं पाठीवर घालून आणलं आणि स्टुलावर बसवलं. बाईनं सरळ शब्दांत सांगितलं. उतार वेग घेतोय, शनिवारच्या आगेमागे सुटेल, आजच निघायचं.

शिंपी हसला. "डोंगर सुटणार? डोंगर काय दावणीचा बैल आहे? माझा आजा इथं मेला, त्याचा आजा इथं मेला."

"एकाही घराला तडा नाही," शिंपीण म्हणाली. "मग डोंगर काय फक्त बाईंच्या आरशात हलतो?"

लोक खो खो हसले. बाई ढेकूळ दाखवायला लागली, वही उघडायला लागली. कोण बघतो? दूधवाला उठून चालायला लागला, त्याला गोठा झाडायचा होता. गवंड्यानं ते बघितलं आणि एका क्षणात त्याला कळलं, डोंगर चालतो यावर या लोकांचा विश्वास बसणार नाही. पण गवंडी लबाड असतो यावर लगेच बसेल.

तो उभा राहिला. "शिंपीदादा, तुमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात तडा आहे. तीनदा भरलाय मी. दूधवाले, थांबा, तुमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला चारदा. माझ्या स्वतःच्या घराला पाचदा. नऊच्या नऊ घरांना तडे आहेत. एकमेकांना विचारा."

मग एकानं दुसऱ्याकडं बघितलं, "तुझ्याही?" "आणि तुझ्या?"

"म्हणजे घरं कच्ची बांधलीस तू?" शिंपीण किंचाळली.

बाई म्हणायला गेली, "नाही, तसं नाही..." गवंड्यानं तिला हातानं थांबवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हो. कच्ची बांधली. माल खाल्ला. दोन-चार दिवसांत पडतील, पोराबाळांच्या अंगावर पडतील. मला काय शिव्या द्यायच्या त्या ट्रकमध्ये बसून द्या."

दिल्याच. ज्यांच्या चुली त्यानं बांधल्या, ज्यांच्या उंबऱ्यावर त्यानं पहिलं पाणी शिंपडलं, त्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. शिंप्यानं तर त्याच्या पायाजवळ थुंकलं. पण प्रत्येक जण घरी धावला आणि गाठोडी बांधायला लागला. जी दोन घरं दुसऱ्यानं बांधली होती तीही निघाली. गर्दी निघाली की माणूस निघतोच. दुपारी दोनच्या आत वस्तीत कुत्रंसुद्धा राहिलं नाही.

"का केलंत असं?" बाईनं उतरताना विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"खरं सांगितलं असतं तर उद्यापर्यंत वाद घातला असता त्यांनी," गवंडी म्हणाला. "नाव काय, परत मिळवता येईल."

म्हाताऱ्याला मात्र त्यानं पुन्हा पाठीवर घेतलं तेव्हा म्हातारा लाकडासारखा ताठ होता. "बाबा, तुम्हाला खाली गेल्यावर सांगतो खरं काय ते," असं हा म्हणाला, पण म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. दरीपलीकडच्या शाळेत सगळ्यांची सोय केली होती, तिथं पोचल्यावर त्यानं मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. सून सांगायला गेली तर म्हणाला, "माझ्या घराण्यात गवंडी आहेत, चोर नाहीत. तू गप्प बस."

चार दिवस शाळेत असे गेले की विचारू नका. गवंड्याच्या शेजारी कुणी चटई टाकेना. नळावर तो गेला की बायका बादल्या उचलायच्या. तो खाली मान घालून पाणी भरायचा, शाळेच्या तुटक्या पायऱ्या नीट करत बसायचा. हात रिकामे राहिले की त्याला भीती वाटायची.

शनिवार उजाडला. धुकं. पलीकडचं काही दिसेना. दिवस गेला, काही झालं नाही. रविवारी सकाळी धुकं उठलं, ऊन पडलं, आणि समोर वरची वस्ती जशीच्या तशी! अकरा घरं, दोरीवर विसरलेली शिंपिणीची चादर, सगळं जागच्या जागी.

"आता बोला," शिंपी म्हणाला. "मी चाललो. घरं कच्ची असतील तर टेकू लावीन."

दूधवालाही निघाला, वैरण आणायला. गवंडी मध्ये उभा राहिला तर त्याला ढकललं. त्याच्या मनात आलं, मी नाव घालवलं ते फुकटच का? आणि लगेच स्वतःची चीड आली. म्हणजे डोंगर पडावा असं वाटतंय की काय मला?

"मिस्त्री, इकडं या!" बाईनं यंत्राजवळून हाक मारली. "डोळा लावा."

त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. आणि त्याचं घर एकदम समोर आलं, हातभर अंतरावर. आपल्याच हातची भिंत, तिच्यावर आरसा, आरशाच्या बरोबर मध्यावर बारीक काळी फुली. तो बघत राहिला. फुली हलली नाही. यंत्र तर पक्कं होतं. पण आरसा फुलीखालून निघाला. हळूच, खाली आणि डावीकडं. त्यानं एक श्वास घेतला तेवढ्यात अर्धा आरसा गेला. दुसरा घेतला, आणि फुली नुसत्या गिलाव्यावर उरली.

"चालतंय," तो पुटपुटला. "बाई, घर चालतंय."

बाईनं शिट्टी फुंकली. शिंपी आणि दूधवाला उतरणीवर थबकले.

आधी पक्षी उठले, सगळ्या झाडांतून एकाच वेळी. मग वस्तीच्या वरची झाडं चालायला लागली. पडली नाहीत, उभीच, मुळांसकट, रांगेनं खाली यायला लागली. आवाज नंतर आला, पायांतून वर. शाळेच्या खिडक्या थरथरल्या. लेकरं आयांना बिलगली. उभा डोंगर कमरेत मोडला आणि आपल्या मांडीवरची अकरा घरं घेऊन निघाला, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा. गवंड्यानं आपोआप हात जोडले. माणसानं काय बांधावं आणि काय मिरवावं या असल्याच्या पुढं!

शिंप्याचं घर गेलं. गोठा गेला. गवंड्याचं घर मातीच्या त्या पुरावर उभ्याचं उभं वाहत निघालं. छप्पर उडालं, पुढचा ओटा गळून पडला, पण मागची भिंत, खिडकीसकट, सरळ. पन्नास पावलं चालली. शंभर चालली. कापलेल्या पायथ्याशी पोचेपर्यंत ओळंब्यात उभी होती. मग सगळं नदीत गेलं आणि धूळ वर आली.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग शिंपी परत चढून आला. गवंड्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. बाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, खोटं कोण बोललं, कशासाठी बोललं.

म्हातारा भिंतीला धरून उभा होता. गुडघे गेलेला माणूस, कुणाच्या आधाराशिवाय उभा! तो समोरच्या उघड्या लाल कड्याकडं बघत होता.

"शंभर पावलं," तो म्हणाला. "डोंगर मोडला, छप्पर गेलं, आणि भिंत शंभर पावलं उभी चालली. मी बघितली." मग मुलाकडं न बघताच हात पुढं केला. "ते ढेकूळ कुठाय?"

बाईनं पिशवीतून काढून दिलं. म्हाताऱ्यानं अंगठा एकेका पट्ट्यावरून फिरवला, आयुष्यभर ओल्या गिलाव्यावरून फिरवायचा तसा. राखाडी, काळा, लाल. लालवर थांबला.

"भुकटी चाळून घ्यायची होतीस."

"चुकलं, बाबा," गवंडी म्हणाला. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते.

म्हाताऱ्यानं ढेकूळ धोतराच्या टोकानं पुसलं आणि दोन्ही हातांनी बाईच्या हातात परत दिलं.

"जपून न्या," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या हातचं काम आहे."